पाच मिनिटं, असं मी सांगितलं

११ ऑगस्ट २००३, सोमवार

लॅबच्या स्टॉकमध्ये एक रजिस्टर जास्तीचं निघालं. हर्षा मॅडमना विचारून घरी आणलं. शाळा सुटल्यापासून स्वतःसाठी असं काही लिहिलेलं नाही. दिवसभर लिहिते ते काचेवरचे नंबर.

आज कॉलेजात नवीन काम सुरू झालं. मॅडम शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापक, भूपेंद्र त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करतो, आणि मी तंत्रज्ञ. उंदरांच्या मेंदूचे पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि काचेवर चढवायचे. नऊ वर्षं हेच करते आहे. मॅडमची चांगली सवय अशी की कामाला हात लावण्याआधी त्या बसवून सगळं समजावतात.

म्हणाल्या, आम्ही शिकलो तेव्हा मेंदूत नव्या पेशी होत नाहीत असं शिकलो. जन्मताना मिळाल्या तेवढ्याच. आता कळलंय की एका कोपऱ्यात तसं नाही. हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे, कानाच्या आत खोलवर, आठवणींचं काम करणारा. त्याच्या एका पट्टीत मोठेपणीही नव्या पेशी होत राहतात. पण मेंदूला लांबलेला झटका आला की त्या एकदम खूप होतात आणि भरकटतात. आपल्या ओळीत बसायचं सोडून भलत्या जागी जाऊन बसतात आणि तिथे भलत्यांशी जोडल्या जातात. मग काही महिने, माणसात तर कधी काही वर्षं, सगळं शांत. आणि एक दिवस काही कारण नसताना झटका येतो. मिरगी लागलेली असते.

भूपेंद्रने विचारलं, "म्हणजे या पेशींमुळेच मिरगी होते?"

"तेच कोणाला नक्की माहीत नाही. कोणी म्हणतं त्याच रोग लावतात. कोणी म्हणतं बिचाऱ्या दुरुस्तीला निघाल्या होत्या. आपण एवढंच बघायचं, की पहिला झटका किती वेळ चालला यानं काही फरक पडतो का. एका गटाचा झटका दहा मिनिटांत थांबवायचा, दुसऱ्याचा साठ."

मी विचारलं, "मॅडम, दहा काय नि साठ काय, एवढा फरक पडत असेल?"

"ते मोजल्यावर कळेल. आणि मोजणार तू."

घरी मयुरीला, माझ्या धाकट्या बहिणीला, यातलं काही सांगितलं नाही.

२४ ऑगस्ट २००३, रविवार

मयुरीला आज फिट आली. या महिन्यातली तिसरी.

माय आणि ती ओसरीवर सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होत्या. सोमवारचा माल रविवारी दुपारीच तयार करावा लागतो. मी समोरच होते. मयुरी बोलता बोलता थांबली. तिला आधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं होतं, तेवढं एक ती सांगू शकते. मग नजर एका जागी, ओठांचा चपचप आवाज, आणि उजव्या हातानं नसलेला दोरा गुंडाळत बसणं. दीड मिनिट. मी घड्याळ बघते, सवयच झाली आहे. मग ती दमून तिथेच आडवी झाली, गालाला सांबाराची पानं चिकटलेली.

माय तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत होती, "माह्यामुळं झालं व हे सारं. तापातली पोर घरी टाकून मी बाजारात गेलतो."

हे मी हजारदा ऐकलं आहे. मयुरी अडीच वर्षांची होती. मे १९८६. माय भाजी घेऊन वर्ध्याला गेली होती, बाबा वाडीत पिकाला पाणी ओलत होते. मी चौदा वर्षांची, तिच्याजवळ बसले होते. ताप वाढला आणि तिला झटका आला. पाच मिनिटांत मी कंपाउंडर रूपरावला बोलावून आणलं, त्यानं सुई दिली. पुढे सात-आठ वर्षं काही नाही. दहाव्या वर्षी ही सुरू झाली. गोळ्या तीनदा बदलल्या. बाबा गेले, ती बरी झालेली बघायची राहिली म्हणत गेले.

माय दर वर्षी गिरडची टेकडी चढते, दर्ग्यात डोकं टेकते आणि स्वतःचा गुन्हा सांगून येते. मी तिला नेहमी म्हणते, "माय, तुझा काही दोष नाही." हे मी अगदी मनापासून म्हणते.

१९ सप्टेंबर २००३

आज उंदरांना झटका आणायची इंजेक्शनं झाली. भूपेंद्र स्टॉपवॉच धरून मिनिटं ओरडत होता आणि मी लिहीत होते. दहा मिनिटांच्या गटाला औषध देऊन थांबवलं. दुसरे चालू राहिले.

पंधरा. वीस. पंचवीस. उंदराचे पुढचे पाय पिंजऱ्याच्या तळाला लागतात तेव्हा बारीक टकटक आवाज येतो. पत्र्याचा तळ आहे.

पस्तीस मिनिटांना मी पेन खाली ठेवलं आणि बाहेर गेले. भूपेंद्रला वाटलं मला मळमळलं. त्यानं लिंबू सरबत मागवलं. फार सालस मुलगा आहे.

मला वाटलं होतं साठ मिनिटं म्हणजे फार नसतील. फार असतात.

२ ऑक्टोबर २००३

कॉलेजला सुट्टी. मयुरीनं सायकलचा विषय काढला. मी नाही म्हटलं.

२१ नोव्हेंबर २००३

पहिल्या स्लाइड तयार झाल्या. झटक्यानंतर जन्मलेल्या पेशीच तेवढ्या तपकिरी दिसाव्यात असा हा रंग आहे. रंग चांगला धरला. मॅडम भिंगातून बघून म्हणाल्या, "गोपिका, तुझ्या हाताला तोड नाही."

काही स्लाइडवर तपकिरी ठिपके ओळीच्या कडेला शहाण्यासारखे बसलेले. काहींवर मात्र आतल्या मोकळ्या भागात विखुरलेले, कुठेही, कसेही.

मोजणारीला गट माहीत नसावा म्हणून सगळ्या स्लाइडवर नुसते आकडे चिकटवले आहेत. कुठला आकडा कुठल्या गटाचा ही यादी बंद पाकिटात भूपेंद्रच्या कपाटात आहे. पण ती यादी माझ्याच अक्षरातली. आकडे मीच चिकटवले. इतक्या वर्षांत माझ्या लक्षात न राहिलेली एक स्लाइड दाखवा. हे मी मॅडमना सांगायला हवं होतं. कोणी विचारलं नाही.

८ डिसेंबर २००३

मोजणी संपली.

चौदा नंबरच्या स्लाइडवर भरकटलेल्या पेशी अठ्ठावन्न होत्या. मी अठ्ठावीस लिहिल्या. एकतीस नंबरवर बावन्न, तिथे पंचवीस. दहा मिनिटांच्या गटात थोड्या वाढवल्या. मोजणीत थोडं इकडेतिकडे होतंच, ठिपका कुठला आणि डाग कुठला यावर दोन माणसांचं एकमत होत नाही.

एवढं लिहिलं. परत वाचलं आणि लाज वाटली. इथेही खोटं लिहायचं तर रजिस्टर कशाला आणलं?

मी खोटे आकडे लिहिले, कारण दहा आणि साठ यांत काही फरक नाही हे मला कागदावर बघायचं होतं. खाली मॅडमची सही असलेल्या कागदावर.

आणि ऑगस्टमध्ये मयुरीबद्दल जे लिहिलं तेही खोटं आहे. मी तिच्याजवळ बसले नव्हते.

गावातल्या हिरालालच्या घरी त्या दिवशी नागपूरहून व्हिडिओ आणला होता. सगळ्या मैत्रिणी गेल्या होत्या. मयुरीला झोप लागली तशी मी कपाळावरची ओली पट्टी बदलली, दाराला बाहेरून कडी घातली आणि गेले. पहिली कॅसेट संपली तेव्हा पळत घरी आले. खिडकीतून बघितलं. ती बाजेवर होती, पाय हलत होते, बाजेचा खूर जमिनीवर टकटक वाजत होता. मला वाटलं उठली आहे, पाय आपटून खेळते आहे.

नाही. मला काय वाटलं ते नीट लिहिते. मला वाटलं हिला काहीतरी होतंय. आणि आत गेले तर थांबावं लागेल.

मी परत गेले. दुसरी कॅसेट पूर्ण बघितली. एका तासाहून जास्तच. आले तेव्हा खूर वाजतच होता. तिचे ओठ निळे पडले होते.

रूपरावनं सुई भरता भरता विचारलं, "कवापासून हाय हे?" मी म्हटलं, "आत्ताच. पाच मिनिटं झाली."

चौदा वर्षांची होते म्हणून मी स्वतःला कधीतरी माफही केलं असतं. पण १९९३ साली मयुरीची फाईल उघडली तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, तंत्रज्ञाचा कोर्स करत होते. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणचा तो झटका किती वेळ चालला होता. मीच उत्तर दिलं. पहिल्या पानावर आहे, निळ्या शाईत. पाच मिनिटं.

२१ डिसेंबर २००३, रविवार

मयुरीला हिंगणीला जायचं आहे. तिची कॉलेजातली मैत्रीण रोशनी तिथे बायकांचं शिवणकेंद्र चालवते, तिला शिकवायला कोणी हवी आहे. राहायची खोली केंद्रालाच लागून.

मी म्हटलं, "मशीनवर फिट आली तर? सुई बोटातून आरपार जाईल. तिथे तुझ्याजवळ कोण आहे?"

"रोशनी हाय. बाकीच्या बाया हायेत. त्यायले मी सारं सांगतलं."

"सांगितलंस? मला न विचारता?"

मयुरी म्हणाली, "ताई, सायकल नको, विहिरीवर नको, गॅस नको, कॉलेज नको. तू लग्न नाई केलं, ते बी माह्यासाठी म्हणते. मी कवा म्हणलं होतं करू नको म्हणून? मले तं वाटते तुले मी बरी झालेली नकोच हाय. बरी झालो तं तू काय करशीन?"

मला राग आला. इतकी वर्षं जिच्यासाठी खस्ता खाल्ल्या ती असं बोलते. मी तिला म्हटलं, मी जे करते ते तुझ्या भल्यासाठीच करते. ती उठून आत गेली.

किती कृतघ्न वाटली.

९ जानेवारी २००४

पाकीट उघडलं. भूपेंद्रनं आलेख काढला. दोन्ही खांब जवळजवळ सारखे.

तो बराच वेळ कागद न्याहाळत बसला. माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, काहीच नाही निघालं." मॅडमनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, फरक नाही हेही उत्तरच असतं, तसंच लिहू. पण त्या उदास होत्या. मार्चमध्ये गिरड-समुद्रपूरकडच्या आरोग्यसेविकांचं शिबिर आहे. लांबलेला झटका लवकर थांबवायचं औषध प्रत्येक उपकेंद्रात हवं, अशी मागणी त्या लावून धरणार होत्या. "हा फरक दिसला असता तर बोलण्याला थोडा जोर आला असता," म्हणाल्या.

मला जो कागद हवा होता तो टेबलावर होता. मी तो तीनदा वाचला. काहीही हलकं वाटलं नाही.

घरी येताना बसमध्ये शेजारी एक बाई होती, मांडीवर तापानं लाल झालेलं लेकरू. मी उठून दुसऱ्या सीटवर जाऊन बसले.

१२ जानेवारी २००४

मॅडमना सगळं सांगितलं. आधी आकडे, मग मे १९८६.

मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्यांनी दार लावून घेतलं, चष्मा काढला आणि विचारलं, "कुठल्या कुठल्या स्लाइड?"

मी पाठ असल्यासारखे नंबर सांगितले. त्यांनी लिहून घेतले.

"उद्यापासून मोजणीच्या खोलीत यायचं नाही. नंबर दुसऱ्या विभागातलं कोणीतरी नव्यानं लावेल, भूपेंद्र मोजेल. त्याला तू स्वतः सांगायचं. विभागप्रमुखांना मी लेखी देणार आहे. पुढचं ते ठरवतील."

मी हो म्हटलं. मग मला रडू आलं आणि मी विचारलं, "मॅडम, माझ्यामुळेच झालं ना तिला? त्या एका तासामुळे?"

"मला माहीत नाही."

"पण आपल्या स्लाइडवर तर..."

"स्लाइडवर उंदीर आहेत, गोपिका. तासभर झटका येऊनही पुढे काहीच न झालेली मुलं मी पाहिली आहेत. कदाचित मेंदूचा तो भाग तिचा आधीपासूनच नाजूक असेल, आणि म्हणूनच झटका लांबला असेल. कदाचित त्या तासानंच सगळं केलं असेल. तुला सुटका हवी असेल तर ती माझ्याकडे नाही. शिक्षा हवी असेल तर तीही नाही." मग एकदम विचारलं, "तिच्या फाईलवर काय लिहिलंय?"

मी सांगितलं.

मॅडम उभ्या राहिल्या. एवढा वेळ त्या रागावल्या नव्हत्या, आता रागावल्या. "अगं, तासभर चाललेला झटका, मधली शांत वर्षं, आणि आता गोळ्यांना दाद नाही, हे ऐकल्यावर कोणीही आधी हिप्पोकॅम्पसचा एमआरआय सांगितला असता. एकाच बाजूला दोष निघाला तर शस्त्रक्रिया होते. केरळात आठ-नऊ वर्षांपासून होते आहे. तू तो एक तास लपवलास, त्यापेक्षा ही मधली दहा वर्षं..." त्या वाक्य पूर्ण न करता खाली बसल्या. "जा. आधी तिला सांग."

मी आजवर फक्त त्या दुपारची गुन्हेगार समजत होते स्वतःला.

१३ जानेवारी २००४

भूपेंद्रला सांगितलं. तो म्हणाला, "मी तुमची मोजणी एकदाही तपासली नाही, ताई. तुमचीच होती म्हणून." आणि काम करू लागला.

१८ जानेवारी २००४, रविवार

दुपारी माय आणि मयुरी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मीही बसले. चार-पाच शेंगा सोलल्या आणि बोलायला लागले. खिडकीपर्यंत आले होते ते, दुसरी कॅसेट, पाच मिनिटं, फाईल, सगळं. मयुरीकडे बघायची हिंमत नव्हती, मी मायकडे बघून बोलत होते.

मायच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. म्हणाली, "मले माहीत हाय."

"काय माहीत आहे?"

"तू घरी नोहती ते. हिरालालच्या मायनं त्याच सांजेले सांगतलं मले, का तुही गोपी आमच्या घरी व्हिडिओ पाहत बसली होती म्हणून. दोन्ही कॅसेटा."

"मग तू बोलली काऊन नाई?" इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून घरची बोली आली.

"काय बोलू? तापातली पोर टाकून आधी कोन गेलं? मीच ना. तुले बोललो असतो तं तुहं बी आयुष्य गेलं असतं. एक पोरगी तं अशी झाली, दुसरीच्या डोक्यावर हे कायले ठेवू म्हणलं. माह्या डोक्यावर होतंच, तिथंच राहू देलं."

मी मायच्या पायांवर पडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, आम्ही दोघी रडत होतो. किती वेळ कोण जाणे. मयुरीचा आवाज आला तेव्हा आठवलं की ती तिथेच बसलेली आहे.

"झालं तुमचं?"

तिच्या हातात अर्धी सोललेली शेंग होती.

"म्हणजे तिनं तुले वाचवलं, अन् तू तिले काही दोष नाई म्हणत गेली. अन् मले? मी डॉक्टरसमोर बसतो, तो विचारते किती वेळ, तू सांगते पाच मिनिटं, माय मान हलवते. दहा वर्षं. तो गोळ्या बदलून देते. मले वाटे माह्याच अंगात काही खोट हाय, औषध बी लागत नाई. कॉलेजात पोरी माह्या बाकावरून उठून जाय, तवा बी मले वाटे आपलीच खोट."

माय म्हणाली, "मयुरी, लेकी..."

"तुम्ही दोघी रडून घ्या. मी उद्या हिंगणीले जातो."

१९ जानेवारी २००४

मयुरी सकाळी पहिल्या बसनं गेली. मी थैली उचलायला गेले तर तिनं थैली दुसऱ्या हातात घेतली.

२७ फेब्रुवारी २००४

भूपेंद्रची फेरमोजणी झाली. साठ मिनिटांच्या गटात भरकटलेल्या पेशी दुपटीहून जास्त. आणि पुढचं बघायला जिवंत राखून ठेवलेल्या उंदरांपैकी त्याच गटातल्या बहुतेकांना आता आपोआप झटके येऊ लागले आहेत, दहाच्या गटात फक्त एकाला. मॅडम म्हणाल्या, "तरीही पेशींनीच केलं असं यातून सिद्ध होत नाही, एवढंच की दोन्ही गोष्टी बरोबर चालल्या." शिबिरात मात्र त्या हा आलेख घेऊन जाणार आहेत.

लेखात माझं नाव नाही. माझी बदली रुग्णांच्या तपासण्यांच्या विभागात झाली. तिथे मोजणी नसते.

मयुरीचा काही निरोप नाही. रोशनीला फोन केला तर म्हणाली, ठीक आहे, दोनदा फिट आली, सांभाळलं आम्ही. मी फोनवर दहा सूचना दिल्या. ती म्हणाली, "ताई, मयुरीनं आधीच सांगून ठेवलं हाय सारं."

१६ मार्च २००४

मयुरीचा फोन विभागात आला. "मॅडमची डॉक्टरच्या नावाची चिठ्ठी भेटली. परवा नागपूरले डॉक्टरकडे जाऊन राह्यलो. तू बी ये."

मला इतका आनंद झाला की मी म्हटलं, "येते, येते, डबा आणते, तुला आवडते ती..."

"डबा नको. डॉक्टर विचारन तवा तूच सांगजो. माह्यासमोर."

१८ मार्च २००४

डॉक्टरांनी विचारलं. मी सांगितलं. "एक तासाहून जास्त. दाराला कडी होती. मी बघून परत गेले होते." शेवटचं वाक्य सांगायची गरज नव्हती. डॉक्टरांनी वर बघितलं आणि मग लिहिलं. मयुरी त्यांच्या पेनाकडे बघत होती, अक्षर न् अक्षर.

एमआरआय झाला. फिल्मवर डावा हिप्पोकॅम्पस उजव्यापेक्षा आक्रसलेला, मलाही कळला. डॉक्टर म्हणाले, तिरुअनंतपुरमला दाखवा. एकच बाजू असेल आणि झटके तिथूनच निघत असतील तर भाग काढता येतो. दहातले सहा-सात लोक मोकळे होतात.

मयुरीनं विचारलं, "हे दहा वर्षांआधी दिसलं असतं?"

"केलं असतं तर बहुतेक दिसलं असतं."

परतीच्या बसमध्ये ती माझ्या मागच्या सीटवर बसली.

२४ एप्रिल २००४

मयुरी अचानक कॉलेजात आली. म्हणाली, "त्या स्लाइडी दाखव." मी मॅडमची परवानगी घेतली. भूपेंद्रनंच जुना चौदा नंबर लावून दिला.

तिनं कितीतरी वेळ भिंगाला डोळा लावला. "हे तपकिरी सारे चुकलेले?"

"हो, आत विखुरलेले ते."

"अन् हे परत नाई येऊ शकत जागेवर?"

"नाही."

"माह्या डोक्यात बी असेच असन?"

"माहीत नाही. ऑपरेशननं काढलेल्या भागात काहींना दिसल्यात म्हणे, काहींना नाही. सगळ्यांना पटलेलं नाही."

"माहीत नाई म्हणाली तू." तिनं डोळा काढला आणि माझ्याकडे बघितलं. "पहिल्यांदा म्हणाली."

७ नोव्हेंबर २००४, तिरुअनंतपुरम

उद्या ऑपरेशन. सगळ्या तपासण्या डाव्या बाजूकडेच बोट दाखवतात. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं आहे: डावी बाजू शब्दांची, नावं सापडायला त्रास होईल, काही परत येतील, काही कदाचित नाही. मी म्हटलं, अजून विचार कर. म्हणाली, "झाला."

सोबत कोण म्हणून कागदावर नाव हवं होतं. मायला एवढा प्रवास झेपत नाही. मयुरीनं माझं नाव लिहिलं. रोशनीला शिवणकेंद्र बंद ठेवता आलं नाही, म्हणून मी. हे तिनं मला स्वतः सांगितलं.

१० नोव्हेंबर २००४

ऑपरेशन नीट झालं. काल ती झोपूनच होती. आज दुपारी अतिदक्षता विभागात पाच मिनिटं आत सोडलं.

डोक्याला पांढरं बँडेज, एक डोळा सुजलेला. नर्स मोडक्या हिंदीत एकेक वस्तू दाखवत होती आणि उत्तर कागदावर लिहीत होती. पेन दाखवलं. मयुरी म्हणाली, "लिहायचं." घड्याळ दाखवलं. मयुरीनं खूप शोधलं, मग मनगटाला हात लावला, पण शब्द काही आला नाही. हेही आता माझ्याच खात्यावर.

मग नर्सनं माझ्याकडे बोट केलं. "ये कौन है?"

मयुरी माझ्याकडे बघत राहिली. ओठ हलले, थांबले, परत हलले. डोळ्यांत कुठे काही चाचपडत होतं. शेवटी सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखी मराठीत बोलली, "नाव नाई येऊन राह्यलं. पण ओळखतो. हे... खोटं बोलते."

नर्सला कळलं नाही. पेन कागदावर टेकवून तिनं मला विचारलं, "क्या बोली?"

मयुरीची नजर माझ्या तोंडावर होती. इतकी शुद्धीतली नजर मी तिची आजवर पाहिली नव्हती.

मी म्हटलं, "बोली, नाम याद नहीं आ रहा. लेकिन पहचानती है." मग पुढचंही सांगितलं. "बोली, ये झूठ बोलती है."

नर्स थोडी गोंधळली, पण तिनं लिहून घेतलं.

मयुरीनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मी उठणार तोच ती म्हणाली, "बरोबर."